खाली राहिलेलं लाल फडकं

लाल फडकं माझ्या हातात होतं आणि मी ते वर केलं नाही. इतके दिवस मनाशी 'चूक झाली' म्हणत आलो. पण मी बघून, समजून हात खाली ठेवला होता.

रावेरजवळच्या माझ्या शेतात केळी निघाली की रान मोकळं व्हायचं. तिथे आम्ही काही हौशी मंडळी जुन्या गाड्या पळवायचो, घड्याळ लावून, एका वेळी एकच. वळणांवर केळीचे कापलेले खांब रचायचे. गाडी आदळली तर खांब दबतो, माणूस वाचतो. पण फुटलेल्या खांबातून पाणी आणि गर बाहेर येतो आणि माती साबणासारखी निसरडी होते. म्हणून नियम मीच केला होता: ज्याची फेरी झाली त्याने वळणावर उभं राहायचं, आणि वाटेत गर दिसला की लाल फडकं दाखवून गाडी थांबवायची. कोरडी माती टाकल्यावरच पुढे.

माझा धाकटा मावसभाऊ धुळ्याहून यायचा आणि माझ्याच शेतात मला मागे टाकायचा. माझी फेरी संपली की विचारायचा, "भाऊ, तुन्ही गाडी शे का बैलगाडी?" सगळे हसायचे. मीही हसायचो. माझी बायको त्याच्या फेरीला टाळ्या वाजवायची. त्या टाळ्या मला जेवतानाही ऐकू यायच्या.

त्या दिवशी वळणावरचा खांब माझ्याच गाडीने फोडला. नंतर त्याची फेरी. फडकं घेऊन मी उभा राहिलो. वाटेत गर पसरलेला दिसत होता, त्याच्या गाडीची धूळ जवळ येत होती. मनात आलं, घसरू दे जरा. एकदा सगळ्यांसमोर घसरू दे.

गाडी खांबांवरून उडून बांधावर उलटली. त्याचा उजवा हात मोडला.

"वेग त्याचा, जबाबदारी त्याची," दवाखान्यात सगळे म्हणाले. शेत माझं, फडकं माझ्याकडे, तरी मी मान डोलावली. त्याच्या खाटेभोवती डबे घेऊन जमलेली माणसं बघून मला तेव्हाही हेवा वाटला. उलट तोच म्हणाला, "भाऊ, तुन्हा खेळ मी बिघाडा."

हाड जुळलं, पण त्याने गाडी चालवणंच सोडलं. बाजारालाही रिक्षाने जायला लागला. मी धुळ्याला गेलो तेव्हा अंगणात त्याची गाडी ताडपत्रीखाली होती. विचारलं तर म्हणाला, "मन्हा हातवर मन्हाच भरोसा नही ऱ्हायना, भाऊ."

चहा यायच्या आत मी बोलून टाकलं. "तुझा हात चुकला नव्हता. गर मला दिसला होता. फडकं हातात होतं. तू घसरावंस असं वाटलं, म्हणून मी ते वर केलं नाही. तुझ्या हाताला दोष देऊ नकोस. मला माफ कर."