झेंडा वर गेला नव्हता

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. बहिणीला तर मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी फोन करते. पण हे नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, माझ्या घरी कधी चहाला येणार नाही, म्हणून असेल. की आतल्या आत घेऊन फिरायचा कंटाळा आला, म्हणून? काय ते तुम्हीच समजा.

गोष्ट फुटबॉलची आहे. हसलात ना? पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, देवळालीतल्या एका शाळेच्या ऑफिसात कारकून, आणि फुटबॉल! मला स्वतःलाही सुरुवातीला हसू यायचं. पण आज मला विचाराल तर बचाव कुठे उघडा पडलाय, कोण उगाच जमिनीवर लोळतोय, सगळं सांगते. शिकवलं माझ्या सासऱ्यांनी. आणि शिकवलं ते मला आवड होती म्हणून नाही — त्यांना दिसत नव्हतं म्हणून.

बाबा मूळचे चांदवडकडचे. तोफखान्यात हवालदार होते, निवृत्तीनंतर देवळालीतच राहिले. तरुणपणी पलटणीच्या टीममधून डाव्या बगलेवर, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेनं, खेळायचे. साखरेनं आधी त्यांचा उजवा डोळा खाल्ला, मग डावा अंधुक केला. उजेड आणि सावल्या कळायच्या, माणूस दारात उभा आहे हे कळायचं, कोण ते नाही. टीव्ही तर गेलाच. इंग्रजी कॉमेंट्रीवर त्यांचा भारी राग. "हे बघणाऱ्यांशी बोलतात," म्हणायचे, "बॉल कुठं हाय ते सांगतच नाय!" तेव्हा आम्ही एक पद्धत बसवली. ॲपवर कॉमेंट्री बंद करून नुसता मैदानाचा आवाज ठेवता येतो, तो ठेवायचा. आणि सांगायचं मी. डावी बगल म्हणजे आमची गॅलरी, उजवी बगल म्हणजे स्वयंपाकघर. "गॅलरीकडून निघाला, गॅलरीकडूनच, आत वळला, मारला — बाहेर!" असं. नवरा, संदीप, अंबडला कंपनीत. त्याच्या पाळ्या बदलत राहायच्या. म्हणून बाबांचे डोळे मी.

छान वाटतं ना ऐकायला? मलाही वाटायचं. शेजारपाजारच्या बायका कौतुक करायच्या, मी लाजल्यासारखं करायचे. ते कौतुक मी अजूनही घेते — हे आधीच सांगून ठेवते.

बाबांची टीम म्हणजे पार पूर्वेकडच्या एका देशातला क्लब, निळ्या कपड्यातला. आमच्या अख्ख्या कॉलनीत त्याचं नावही कुणी ऐकलेलं नाही. का आवडायचा? त्यांचा डाव्या बगलेवरचा पोरगा बुटका होता, बाबांसारखा. आम्ही त्याला छोटू म्हणायचो. त्या वर्षी निळे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत थेट फायनलला पोचले. आणि ही फायनल एका सामन्याची नव्हती. एक सामना आपल्या मैदानावर, दुसरा समोरच्याच्या, आणि दोन्हीतले गोल एकत्र धरून निकाल. पहिला सामना निळ्यांच्या घरी होता. समोर आखाती देशातली पांढऱ्या कपड्यांची टीम. निळे घरच्या लोकांसमोर दोन शून्यनं हरले. मी दुसरा गोल सांगितला तेव्हा बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि परत उचललाच नाही.

आता डोळ्याचं सांगायला हवं. तेच तर टाळत होते.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आदल्या वर्षी झालं होतं. पडदा सुटला होता. त्या ऑपरेशननंतर डोळ्यात वायूचा फुगा सोडतात, आणि तो नीट जागी बसावा म्हणून पेशंटनं पालथं राहायचं. झोपताना पालथं, जेवताना मान खाली, संडासला जातानाही मान खाली. ते कुणी केलं? मी. बिनपगारी रजा टाकली. खाली चटईवर बसून वर हात करून त्यांना वरण-भात भरवला. दर थोड्या वेळानं थेंब. फौजी माणूस, चिडका, लाजरा, सुनेपुढे पालथा पडलेला — त्यांनाही नको झालं होतं आणि मलाही. आणि एवढं करून डोळा गेलाच. डॉक्टर म्हणाले, आता डाव्याचंही करू, लवकर केलं तर थोडंफार टिकेल, थांबलात तर भरवसा नाही. बाबा ऐकेनात. संदीप रोज मागे लागायचा. मी? मीही मागे लागायचे, तोंडानं.

निळे पहिला सामना हरले त्या संध्याकाळी संदीपनं पुन्हा विषय काढला. बाबा एकदम म्हणाले, "पहिला डोळा गेला, पहिली मॅच गेली. आता दुसरी होऊ दे. हे पोट्टे तिथं जाऊन दोन गोल फेडून कप घेऊन आले, तर मी बी ऑपरेशन करतो. नाय आले, तर परत मला कुणी विचारायचं नाय."

संदीप हसला. म्हणाला, ठरलं. नंतर स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, निदान काहीतरी कबूल तर केलं. फौजी माणूस, शब्द फिरवणार नाही. मी हो म्हटलं. आणि मनात काय आलं, सांगू? मनात आलं — हरू देत. देवा, हरू देत. मला परत त्या चटईवर बसायचं नव्हतं.

मनात येण्यापर्यंत ठीक होतं. मनात काय, कुणाच्याही काहीही येतं.

परतीच्या सामन्याच्या दिवशी संदीप दुसऱ्या पाळीला गेला होता. आपल्याकडे तेव्हा नुकतीच दिवेलागण झाली होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले, टीव्हीकडे तोंड करून, जसं दिसतंच आहे. परक्या मैदानाची एक खूण त्यांनी मला फार आधी शिकवली होती. लोक तिथल्या टीमचे असतात. त्यांनी गोल केला की छत उडेल असं ओरडतात, आणि आपण केला की सगळं चिडीचूप. "ती शांतता ऐकायलाच तर खेळायचं," म्हणायचे.

पहिला गोल निळ्यांनी केला तेव्हा ती शांतता मीही ऐकली. मी खरंच ओरडले. बाबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. आता एकच फेडायचा राहिला होता. तिथून पुढेही मी सांगत होते सगळं खरं, पण प्रत्येक वेळी बॉल निळ्यांकडे आला की मला त्या थेंबांच्या चिमुकल्या बाटल्या दिसायच्या, पालथी पाठ दिसायची, शाळेत रजेसाठी परत कुणाचं तोंड बघायचं ते दिसायचं. बाबा पुढे सरकून बसले होते. किती खूश दिसत होते ते! आणि मी त्यांच्या शेजारी बसून पांढऱ्यांसाठी देव पाण्यात घालून बसले होते.

सामना संपत आला. छोटू निघाला. मी म्हटलं, गॅलरीकडून निघाला. आत वळला. एकाला चुकवलं. मारला —

गोल होता. खराखुरा, जाळी हलवणारा, कसलीही शंका नसलेला. छोटू पळत सुटला, बाकीचे त्याच्यावर पडले. आणि मैदान चिडीचूप.

"काय झालं गं? लय गप झालं," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "ऑफसाइड, बाबा. झेंडा वर गेलाय."

म्हणजे कडेच्या पंचानं झेंडा उचललाय, गोल धरायचा नाही. एवढंच. कुणी मला पढवलं नव्हतं, मी आधी ठरवलंही नव्हतं. पण जीभ कुठेच अडखळली नाही, ते कसं? मला त्याचंच जास्त भय वाटतं. इतक्या सहज मी एका आंधळ्या माणसाच्या डोळ्यांत धूळ फेकली.

बाबांनी मान थोडी वाकडी करून कान टीव्हीकडे केला. मग मागे टेकून बसले.

उरलेला वेळ मी सांगत राहिले, बॉल इकडे, बॉल तिकडे. शिट्टी वाजली. खरं तर दोन्हीकडचे गोल बरोबरीत आले होते, जादा वेळ खेळणार होते. मी टीव्ही बंद केला. म्हटलं, संपलं बाबा, एका गोलानं गेलं. ते म्हणाले, "चांगले खेळले पोरं." आणि उठून, भिंतीला हात लावत, आपल्या खोलीत गेले.

मी स्वयंपाकघरात गेले, तव्यावर भाकरी टाकली आणि मोबाइलवर, आवाज बंद करून, पुढचा सामना लावला. का बघायचा होता मला? कदाचित पांढरे जिंकतील, आणि मग माझं खोटं खऱ्यात जमा होईल, म्हणून. निळ्यांनी आणखी एक गोल मारला. कप उचलला. निळ्या कागदांचा पाऊस पडला. छोटू गुडघ्यावर बसून रडत होता. भाकरी करपून गेली, घरभर वास सुटला. बाबांनी आतून विचारलं, काय जळतंय गं? म्हटलं, काही नाही.

क्रिकेट असतं तर हे जमलंच नसतं. गल्लीत फटाके वाजले असते, दूधवाला सांगून गेला असता. पण या सामन्याबद्दल आमच्या कॉलनीत कोण बोलणार? मराठी पेपरात ओळभर आली असेल नसेल, आणि पेपर तरी त्यांना कोण वाचून दाखवायचं? मीच. संदीपनं घरी आल्यावर विचारलं, काय झालं? म्हटलं, हरले. त्यानं बूट काढता काढता मान हलवली. पुढचे काही दिवस तो बाबांची मनधरणी करत राहिला, बाबा एकच म्हणायचे, "शब्द म्हंजे शब्द." मग त्यानंही सोडून दिलं.

डावा डोळा वर्षाच्या आत गेला. उजेडही नाही, सावल्याही नाहीत. दारात उभी राहिले तरी आता त्यांना कळत नाही.

ऑपरेशन करून तरी टिकला असता का? कोण सांगणार! हे मी हजारदा घोकलंय. बाबांनाही मनातून ऑपरेशन नकोच होतं, हेही घोकून झालं. मी थकले होते, हेही. सगळं खरं असेल. पण त्यांनी निवाडा त्या अकरा पोरांवर सोपवला होता, माझ्यावर नाही. आणि त्या पोरांनी आपलं काम केलं होतं.

अजून एक राहिलं. ते सांगितलं नाही तर हे सगळं सांगून उपयोग नाही.

बऱ्याच महिन्यांनी आम्ही दुसराच कुठलासा सामना ऐकत-बघत होतो. पुन्हा परक्या मैदानावर खेळायला आलेल्या टीमनं बॉल जाळ्यात घातला, आणि या वेळी खरोखर झेंडा वर गेला. त्याबरोबर अख्खं मैदान उसळलं — शिट्ट्या, आरोळ्या, ढोल. मी म्हटलं, ऑफसाइड दिलाय. बाबा शांतपणे म्हणाले, "कळलं मला. ऑफसाइड दिला का घरची मानसं अशी उठत्यात. गप नाय बसत."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचं तोंड टीव्हीकडेच होतं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. त्या संध्याकाळी वाकडी झालेली मान मला आठवली. माझ्या हातातली शेंगांची टरफलं खाली सांडली.

"सांग पुढं," ते म्हणाले. "बॉल कुणाकडं हाय?"

म्हटलं, गॅलरीकडे.

ते अजूनही मला बोलावतात, आणि मी अजूनही सांगते. तेव्हापासून एक गोलही चुकीचा सांगितलेला नाही. पण आता मी काहीही सांगितलं की ते जरा थांबतात, आधी मैदानाचा आवाज ऐकून घेतात, आणि मगच मान हलवतात.