बैलाचे खूर आणि माझे तळवे

पुण्याहून निघताना डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या. "आंब्याला हात लावू नका आणि अनवाणी फिरू नका. मधुमेहात पायांची जाण जाते. जखम कळत नाही, चिघळते आणि मग बोट कापायची पाळी येते." पहिली गोष्ट मला पटली. दुसरी ऐकून मनात हसू आले. साखर खायची तोंडाने, तिथे तळव्यांचा काय संबंध?

मुंबईहून आगबोटीने रत्नागिरीला पोहोचलो. बोट खोल पाण्यातच उभी राहते. तिथून पडावात (उतारूंना किनाऱ्याला नेणाऱ्या मोठ्या होडीत) उतरायचे. मी घसरलो आणि थेट एका बाईंच्या गाठोड्यावर बसलो.

"बसा आता निवांत, बिस्किटांचा चुरा तर झालाच," बाई म्हणाल्या. सारा पडाव हसला, मीही हसलो.

बंदरावर माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, गाडीवान धोंडू बैलगाडी घेऊन उभा होता. घरी पोहोचल्यावर त्याने बैल सोडले आणि पाणी पाजण्याआधी प्रत्येकाचा एकेक पाय उचलून खूर निरखला.

"हे रोज करतोस?"

"रोज. खडा घुसला तरी बैल काय सांगनार, तात्यानू? आपुनच बगायचा."

मला कौतुक वाटले आणि जेवताना मी ते विसरूनही गेलो.

दुसऱ्या दिवशी देवीच्या दर्शनाला जायचे होते. देऊळ सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर), आणि वाटेवरच्या चाफ्याखाली वहाणा काढून पुढे अनवाणी जायचा रिवाज. म्हणून लोक पहाटेच उरकून घेतात. पण आक्काने आमरसाची वाटी पुढे केली आणि मी त्यागावर असे व्याख्यान झोडले की निघेपर्यंत ऊन डोक्यावर आले.

"मेल्या, एक चमचा घे नि चल," आक्का कावली. मी घेतला नाही.

सड्यावर आक्का सुक्या गवतावरून टुणटुण उड्या मारत चालली होती. धोंडू तळव्यांच्या कडांवर चालत होता. मी मात्र हात मागे बांधून रमतगमत. "कोकणच्या लोकांना कोकणचा दगड सोसेना!" असा टोमणाही मारला. देवीची कृपा, दुसरे काय, असे मला खरेच वाटत होते.

देवळापाशी धोंडू थबकला. "काय वो तात्यानू, तुमचं पाय नाय भाजत?"

"मुळीच नाही."

त्याने मला पायरीवर बसवले आणि न विचारता माझा पाय गुडघ्यावर घेऊन खूर पाहावा तसा पाहिला. त्याचा चेहरा उतरला. आक्काने वाकून पाहिले आणि तोंडाला पदर लावला. दोन्ही तळवे फोडांनी भरले होते. अंगठ्याखालचा फोड फुटलाही होता. मला काहीच दुखत नव्हते, आणि त्याचीच भीती वाटली.

धोंडूने मला पाठुंगळी मारून चाफ्यापर्यंत नेले आणि तिथे उभी केलेली गाडी रत्नागिरीला पिटाळली. तिथल्या डॉक्टरांनी जखम धुऊन पट्टी बांधली. "आज दिसली म्हणून बरं. बुटात कोंबून चार दिवस हिंडला असतात तर अंगठा गेला असता. भरेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही."

तीन आठवडे कोकण मी ओटीवरून पाहिले. समोर पोफळीची बाग, ताटात नाचणीची भाकरी आणि कुळथाचे पिठले. संध्याकाळी धोंडू आधी बैलांचे पाय बघे, मग माझे.

"तिसरा कसा आहे रे?" आक्का आतून विचारी.

जखम भरली त्या दिवशी त्याने माझा पाय अलगद खाली ठेवला. "आता गाडीला जुपायला हरकत नाय," तो म्हणाला. आक्का हसता हसता रडली.

पुण्यात आता दिवेलागणीला बायको कंदील घेऊन समोर बसते आणि मी मुकाट्याने पाय पुढे करतो. काल तिने माझ्या टाचेतून बाभळीचा काटा काढून तळहातावर ठेवला. वहाणेतून आत शिरला होता. दिवसभर मी त्याच्यावर चाललो होतो, आणि पायाने मला काहीच सांगितले नव्हते.