माझ्यासमोर न ओढलेली सिगारेट

रोहन आणि मुक्ता, हे पत्र आईकडून वाचून घेऊ नका. वेळ लागला तरी स्वतः वाचा. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉल चालू असताना रोहन "एक मिनिट हं, आजी" म्हणून बाल्कनीत गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला, तेव्हा तो काहीतरी चघळत होता आणि दोन्ही हात कॅमेऱ्याच्या खाली होते. मी विचारलं, "तिकडे थंडी कशी आहे?" फोन ठेवल्यावर मला माझाच राग आला. कारण असं हवापाणी मी आधी एका माणसाला चाळीस वर्षं विचारत आले आहे, आणि तो माणूस आता नाही.

तुमच्या मामाआजोबांइतक्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाइतक्या, वाईट रीतीने सिगारेट लपवणारा माणूस अख्ख्या सुरतेत झाला नसेल. तो सिगारेट ओढतो हे मिलच्या फाटकावरच्या चहावाल्याला ठाऊक होतं, आमच्या शेजारच्या सविताबेनना ठाऊक होतं, त्यांच्या पोपटालाही ठाऊक होतं, कारण तो पोपट त्याच्यासारखा खोकायला शिकला होता. ठाऊक नव्हतं फक्त मला, आणि तेही दोघांच्या संमतीने. मी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर मीच त्याला धुळ्याहून इकडे आणला, शाळेतून आल्यावर त्याची गणितं घेतली, मिलमध्ये लागताना त्याचा इंग्रजी अर्जही मीच लिहिला. मोठ्यांसमोर ओढायची नाही, ही आमच्या घरची रीत. तो साठीला आला, डोक्यावरचे केस गेले, तरी रीत जशीच्या तशी राहिली. माझ्याकडे येण्याआधी तो बडीशेप खाई, वर वेलची खाई, आणि बोटांचा वास जावा म्हणून कोथिंबिरीच्या काड्या चुरगाळून दोन्ही हातांना चोळी. त्यामुळे त्याने नुकतीच ओढली आहे की नाही हे कळायला मला एवढंच पाहावं लागे, की माझ्या भावाला चटणीचा वास येतो आहे का.

तो डाईंग मास्टर होता. कापड कुठल्या रंगात किती वेळ शिजवायचं हे ठरवणारा माणूस. नजर अशी, की दोन निळ्यांमधला जो फरक तुम्हाआम्हाला दिसणारही नाही, त्यावरून तो हजार मीटरचा लॉट परत पाठवी. घरी आला तरी नजर मिलमध्येच. "ताई, आज चहा अर्धा शेड हलका आहे." "ताई, तुझी डाळ कालच्या लॉटशी मॅच होत नाही." सविताबेनच्या मुलीला बघायला आलेल्या स्थळाला त्याने "रंग पक्का आहे, धुतला तरी टिकेल" असं प्रशस्तिपत्र दिलं, आणि ते लग्न खरोखरच टिकलं. फक्त स्वतःच्या उजव्या हाताची दोन बोटं कुठल्या शेडची झाली आहेत, हे त्याला कधी दिसलं नाही.

पूर्वी तो लिंबायतला भाड्याच्या खोलीत राहायचा. एका संक्रांतीला मी न सांगता तिळगूळ घेऊन रिक्षाने गेले. हा ओट्यावर बसून निवांत ओढत होता. मला पाहिलं आणि जळती सिगारेट शर्टाच्या खिशात टाकली. वर हात ठेवून असा उभा राहिला, जणू झेंडावंदन चालू आहे. बोटांच्या फटीतून धूर येऊ लागला. शेजारची बाई ओरडली, "ओ मास्तर, खिसा पेटला ना तुमचा!" त्याने शांतपणे माठातलं तांब्याभर पाणी छातीवर ओतलं आणि म्हणाला, "मिलमध्ये ॲसिड उडालं होतं, ताई. ते आत्ता चढलं." आणि मी, इंग्रजीची शिक्षिका, जिने मुलींना साधी कॉपी करू दिली नाही, ती जानेवारी महिन्यात म्हणाले, "हो ना, उकडतंय फार." त्या शर्टाला मीच ठिगळ लावून दिलं. त्यावर आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. आमचं फार प्रेम होतं असं सगळे म्हणत, ते हेच.

निवृत्त झाल्यावर तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आला आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे त्याने आपलं ऑफिस थाटलं. खोकला वाढला. तेव्हा तुमच्या बाबांनी फोनवर सुचवलं, की हल्ली ते वेप म्हणून यंत्र मिळतं, मामाला साधंसं घेऊन दे, निदान जळता धूर तरी जाणार नाही. तेव्हा आपल्याकडे त्यावर बंदी आलेली नव्हती. मला अभ्यासाला विषय मिळाला. मी वहीत तक्ता आखला: बटण असलेलं, बटण नसलेलं, स्वतः भरायचं, कुपी बदलायची. त्याच्या हाताला कंप असल्यामुळे भरण्याची भानगड नको, आणि चष्मा सापडत नसल्यामुळे बटण नको. ओढलं की आपोआप चालू होणारं, कुपी संपली की दुसरी लावायची, एवढं साधं हवं. एका गुरुवारी मी त्याला घेऊन दुकानात गेले.

दुकानदार सज्जन होता. त्याने तसंच एक काढून दिलं, निळं, बोटाएवढं. भावाने ते उजेडात धरून पाहिलं. "कच्चा निळा आहे, ताई. पहिल्या धुण्यात जाईल." दुकानदार हसला आणि कुपीतलं निकोटीन किती कडक द्यायचं ते ठरवण्यासाठी त्याने मला विचारलं, "बा, दादा दिवसनी केटली पीए छे?" दिवसाला किती, एवढाच प्रश्न. मी भावाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"दोन. कधी तीन."

दुकानदाराने त्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं. "साची वात, दादा?"

तो काही बोलण्याआधी मीच बोलले, वर्गातल्या आवाजात. "माझा भाऊ खोटं बोलत नाही."

दुकानदाराने मुकाट्याने सगळ्यात सौम्य कुपी बांधून दिली.

घरी मी इंग्रजी माहितीपत्रकाचं मराठी करून क्रमांक घालून त्याच्यासमोर ठेवलं. एक, टोपण काढावे. दोन, ओठांत धरावे. तीन, हळू ओढावे. तो तीनवर अडला.

"ओढलंस?"

"नाही, ताई."

"का?"

"तू बसली आहेस ना."

मी भिंतीकडे तोंड केलं. "आता?"

"पाठ दिसते तुझी."

मी स्वयंपाकघरात गेले. "आता?"

"बांगड्या वाजतात."

शेवटी मी सविताबेनकडे जाऊन तिथून फोन केला, तेव्हा कुठे वरून खोकल्याचा आवाज आला आणि सविताबेनच्या पोपटाने त्याला उत्तर दिलं. आम्ही तिघं फार हसलो. त्या हसण्याची आठवण मला आता नको वाटते.

पुढचे काही महिने मी जगाला सांगत होते की माझ्या भावाची सिगारेट सुटली. तुम्हालाही कॉलवर सांगितलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या, तो मान खाली घालून उभा राहिला. तुम्हाला वाटलं लाजला. यंत्र शर्टाच्या खिशात सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असे. आणि भाजीवाली रोज एक कोथिंबिरीची जुडी जास्त देत होती, ती वर जात होती. मी तिला कधी विचारलं नाही, कोणी सांगितली म्हणून. डॉक्टरांकडे गेलो तेव्हाही मी नेहमीसारखी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. डॉक्टरांनी विचारलं, तो म्हणाला, "सुटली. ताईने सोडवली." डॉक्टरांनी माझं अभिनंदन केलं आणि मिलमधल्या वाफांवर दोष टाकून औषध लिहून दिलं.

पुढे मोठ्या इस्पितळात एका डॉक्टरबाईंनी मला आधी बाहेर बसायला सांगितलं. पाच मिनिटं. परत बोलावलं तेव्हा टेबलावरच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं: दिवसाला पंचवीस, चाळीस वर्षे, अजून चालू. तो म्हणाला, "ताई, ते वाचू नकोस." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मला इंग्रजी यायला नको होतं.

ते यंत्र कडक कुपीचं असतं तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. तसं कोणी ठामपणे सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही. पण खरं उत्तर देण्याची त्याला दोनदा संधी आली होती, आणि दोन्ही वेळा मी शेजारी होते.

घरी आणल्यावर त्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर?"

"तर सांगावं लागलं असतं ना, ताई."

मग त्याने उशाखालून ते यंत्र काढलं. आतली कुपी केव्हाच संपलेली होती. माझ्याकडे सरळ पाहत त्याने ते ओठांत धरलं, क्षणभर नुसतंच ओढलं, आणि खाली ठेवलं. तीन नंबर पुरा झाला. "बघ, रंग नाही गेला," तो म्हणाला. "चुकलो मी." पुढच्या आठवड्यात तो गेला.

नंतर ती यंत्रं विकायला बंदी आली. त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. रोहन, तू काय ओढतोस आणि किती, हे मी आता विचारते आहे. रविवारी कॅमेऱ्यासमोर बसून सांग. आकडा खरा सांग. मी रागावेन, पण तोंड भिंतीकडे करणार नाही.

दर दिवाळीला मी घराला रंग लावून घेते, हे तुम्हाला माहीत आहे. टाकीमागच्या भिंतीवर मात्र रंगाऱ्याला ब्रश लावू दिलेला नाही. त्याने सिगारेटी विझवल्याचे काळे ठिपके तिथे आहेत, पार कमरेच्या उंचीपासून खालपर्यंत. ते अजून तसेच आहेत.