कोणत्या कानाला लावता?

माझ्यावर कोणीच विश्वास ठेवला नाही. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, शेजाऱ्यांनी तर नाहीच. आमच्या घरात मोबाइल एकच. माझी मुलगी पल्लवी तो घरी ठेवून तुमसरला कॉलेजात जाते. संध्याकाळी नवरा शेतातून येतो तर फोन गरम, बॅटरी खलास! गुन्हेगार कोण? पल्लवी!

"सकाळीच बोलून बोलून संपवते," हा माझ्या सासूचा, भागीरथाबाईंचा शोध. "पोट्टीच्या डोस्क्यात गाठ होईल. कॉलेज बंद कर गा तिचं!"

नवऱ्यानं ठरवूनच टाकलं, दिवाळीनंतर कॉलेज बंद. मी म्हटलं, पोरगी असं करत नाही. तर म्हणे, "चौथी शिकली तू, तुले काय समजते?" बॅटरी समजायला कितवी लागते?

त्यातच नागपूरच्या एक मॅडम आमच्या गावात, सिहोऱ्यात आल्या. मोबाइलमुळे तरुण पोरांच्या डोक्यात गाठ व्हायचा धोका वाढतो का, हे शोधायला. मी अंगणवाडीची मदतनीस, म्हणून घरं दाखवायला मला जुंपलं. मग काय, किस्से आमच्या खिचडीसारखे झाले. रोज पातेलंभर, आणि तळाला थोडे करपलेले!

*

पहिल्याच घरी आई म्हणाली, "आमचा पोट्टा मोबाइलले हातच नाही लावत."

पोट्टा समोरच बसला होता, मान खाली. मॅडमनं नाव विचारलं, आईनं सांगितलं. वय विचारलं, आईनंच सांगितलं. मॅडम हळूच म्हणाल्या, "याला बोलता येत नाही का?"

"येते न बाप्पा. गेम चालू आहे त्याचा!"

*

पुढच्या घरच्या गजाननभाऊंना कोणीतरी सांगितलं, ज्याचं पोरगं फोनवर जास्त बोलतं त्याला घरकुल मिळणार. झालं! "मॅडम, आमचा तर झोपेतबी बोलते जी. लिहा, चोवीस तास!"

मॅडम म्हणाल्या, "बरं. गरज पडली तर त्याला नागपूरला नेऊन डोक्याची मशीनमध्ये तपासणी करू."

गजाननभाऊ लगेच म्हणाले, "तसा तो शांतच आहे जी. लहानपणापासून."

*

पानठेलेवाल्यानं फोनच्या मागं शेणाची गोवरी चिकटवली होती. म्हणे, किरणं तिथंच अडतात. मॅडम चकित! "फायदा झाला का?"

"डोस्क्याचं नाही सांगता येत," तो म्हणाला. "पण हॅलो म्हटलं का कानात मुंग्या जातात."

*

मॅडमचा एक प्रश्न ठरलेला, "फोन कोणत्या कानाला लावता?" ज्या बाजूला फोन, त्याच बाजूला काही होतं का, ते बघायचं असतं म्हणे. एका पोरानं सांगितलं, "गाडीवर डाव्या, पायी उजव्या."

त्याची आई चुलीपासून ओरडली, "दोन्ही कान चालतात त्याचे! माह्यं मात्र एकातबी नाही जात!"

मी मॅडमला विचारलं, "मग फोननं गाठ होते का नाही?"

"ताई, तेच तर अजून नक्की माहीत नाही. म्हणून तर विचारत फिरतेय."

घ्या! मॅडमला माहीत नाही, आणि आमच्या भागीरथाबाईंना माहीत!

*

शेवटी आमचं घर. नवरा मुद्दाम शेतातून लवकर आला. "मॅडमसमोरच होऊन जाऊ द्या फैसला. जास्त वापर हिचा निघाला तर दिवाळीचीबी वाट नाही पाहत." पल्लवीचे डोळे भरून आले. माझा हात चुलीजवळच्या चिमट्यावर!

मॅडमनं पल्लवीला विचारलं, "कोणत्या कानाला लावतेस?"

"उजव्या. पण मी सकाळी फक्त मैत्रिणीले विचारतो, बस आली का म्हणून."

"खोटं बोलते!" खाटेवरून भागीरथाबाई कडाडल्या. "दिवसभर चिकटून रायते! मले तर त्या डबड्याले हात लावाले भेव वाटते!"

मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "आजी, तुमच्या डाव्या कानात सोन्याचं फूल आहे. उजव्यातलं हरवलं का?"

"हरवन कायले? डब्यात आहे," भागीरथाबाई तोऱ्यात म्हणाल्या. "एकोडीवाल्या बहिणीसंग बोलताना फोन लागते न त्याले. लय टोचते व बाई!"

पल्लवीनं माझ्या पदराआडून मला चिमटा काढला.

मॅडमनं नवऱ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "भाऊ, या घरात फोन सगळ्यात जास्त कोण वापरतं?"

वर्षभर त्याच्या तोंडात एकच नाव तयार असायचं. आज त्यानं जमिनीकडे बघितलं, घसा खाकरला, आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या आईचं नाव घेतलं.

"भागीरथाबाई."