ज्याचा चेहरा त्याची निगेटिव्ह

खवीस इतका कुजकट होता की त्याच्यासमोर ठेवलेला चहा आपोआप नासायचा. खाडीवरचे डास अख्ख्या वाशीला फोडून काढायचे, पण ह्याच्या फोटो स्टुडिओत शिरायची त्यांची छाती नव्हती. त्याचं खरं नाव आमच्या सेक्टरात कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारणार कोण?

जगातले फोटोग्राफर दुकानाच्या काचेत देखण्या मुलींचे फोटो लावतात. ह्याच्या काचेत एकच फोटो, स्वतःचा, तोही कावलेला. कुणी टोकलं तर म्हणायचा, "पोरगी फोटो काढायला येते. बाजारात मांडून ठेवायला नाही."

त्याचा नियम एकच होता. ज्याचा चेहरा त्याची निगेटिव्ह. बायकोचा फोटो नवऱ्याला मिळत नसे, पोराचा बापाला मिळत नसे. मी नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी मिशी उतरवून तो आणायला गेलो. खविसाने फोटो पाहिला, मला पाहिलं.

"ह्यात मिशीवाला आहे. त्याला पाठव."

"अहो काका, मीच तो."

"सगळे असंच म्हणतात."

मिशी उगवेपर्यंत अर्जाची मुदत संपली. चांगली कारखान्यातली नोकरी गेली, आणि फोटो खविसाकडेच पडून राहिला. तेव्हापासून त्या दुकानावरून जाताना मी न चुकता थुंकायचो.

पुढे ताईचा साखरपुडा झाला. फोटो खविसानेच काढले. मुलाने नंतर स्कूटर मागितली आणि ताईने त्याला घराचा दरवाजा दाखवला. तो जाता जाता म्हणाला, "शेजारी बसलेला आपला फोटो आहे ना? तुझ्या प्रत्येक स्थळाला एकेक कॉपी पाठवतो. बघतो कोण करतो तुला." छापलेले फोटो सगळे आमच्याकडे होते. पण निगेटिव्ह खविसाकडे. ताईने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही.

मी धावत स्टुडिओत पोचलो तर तो मुलगा आधीच काउंटरला रेलून खविसाला सांगत होता, "काका, नियम तुमचाच. ह्यात माझा चेहरा आहे. द्या."

खविसाने निगेटिव्ह उजेडात धरली. "आहे," म्हणाला. मी मनात म्हटलं, ह्या म्हाताऱ्याने आधी माझी नोकरी खाल्ली, आता बहिणीचा संसार खाणार.

त्याने ड्रॉवरमधून कात्री काढली आणि निगेटिव्ह मधोमध कापली.

"हा तुझा चेहरा. घे."

"आणि बाकीची?"

"त्यात तू नाहीस."

"अख्ख्या वाशीत सांगेन, हा गिऱ्हाइकाच्या निगेटिव्हा कापतो म्हणून."

"सांग. नेरूळलाही सांग."

गाढवाने खरंच सांगितलं. महिन्याभरात नेरूळपासून आया आपापल्या मुलींना घेऊन येऊ लागल्या, आणि खवीस प्रत्येकीवर खेकसू लागला.

त्या दिवशी मात्र तो मुलगा गेल्यावर मी खविसाला हात जोडले. म्हटलं, "काका, उपकार झाले. ताईचा तुकडा द्या, नेऊन देतो."

"फोटोत तू आहेस?"

"मी भाऊ आहे तिचा."

"मग तिला आण. नाहीतर चालू पड."

ताई स्वतः आली, तुकडा घेतला आणि त्याच्या पाया पडली. तो म्हणाला, "वाकू नकोस, काउंटर मध्ये येतंय."

पुढे डोळे गेले म्हणून त्याने दुकान मोडलं. दारावर पाटी लावली, पंधरा दिवसांत आपापले चेहरे घेऊन जा, उरलेले जाळीन. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या आल्या, नवऱ्या आल्या, त्यांची पोरं आली. चेहरे दिसत नव्हते तरी तो एकेकाला उजेडात उभं करून, नाकाला नाक लावून तपासत होता.

मी पाटी वाचली तेव्हा सकाळीच गुळगुळीत दाढी केली होती. मिशीसकट.

घरी आलो, वस्तरा माळ्यावर टाकला आणि पुढचे चौदा दिवस खविसाला शिव्या घालत मिशी वाढवली.