बिनमिठाची लाटी

लेकरालाही बीपी असतो, हे मला माझ्याच पोरीमुळे कळलं. नऊ वर्षांची आहे. तिचं डोकं दुखायचं, तेव्हा आम्ही म्हणायचो, ऊन लागलं. कांदा फोडून हुंगायला द्यायचो. शेवटी बुलढाण्याच्या डॉक्टरांनी लहान मुलांचा पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला आणि सगळं उघडं पडलं. लघवीच्या त्रासानं तिला तान्हेपणी सारखा ताप यायचा, त्यात एक किडनी आखडून गेली होती. वाढलेल्या प्रेशरनं हृदयावरही ताण येत होता. गोळ्या सुरू झाल्या, मीठ जवळपास बंद. गल्लीतल्या बायका हसल्या. "एवढ्याशा पोरीले कायचं टेन्शन वं?" आग लागो त्या टेन्शनला! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. पोरगी जरा गप्प बसली, की मी बीपीची मशीन घेऊन तिच्या मागे. नवरा म्हणतो, तू वेडी झालीस. झाले असेन, बापा.

यंदा मोठ्या जावेकडे उडदाचे पापड होते. कच्च्या पिठाची लाटी तेलात बुडवून खायला आमच्याकडची पोरं पोळपाटांभोवती घिरट्या घालतात. मागच्या उन्हाळ्यात माझी पोरगी दाराशी उभी राहून नुसती बघत होती. जाऊ मोठी मायाळू. तिनं हिच्यासाठी वेगळा गोळा भिजवला. "मिठाचा खडा नाही टाकला. खाऊ दे तिले पोटभर." पोरगी चुलत बहिणींमध्ये मांडी घालून बसली, खिदळायला लागली. किती दिवसांनी मला बरं वाटलं! मीही लाटणं घेऊन बसले.

दिवस कलला आणि ती ओकली. मशीनवरचा आकडा बघून मी दिरांना हाका मारल्या. दिरांनी गाडी काढली, जाऊही सोबत निघाली. बुलढाण्याच्या वाटेवर चिखली गाव मागे पडेपर्यंत मी पोरीला सारखी विचारत होते, दिसतंय ना नीट, बोल ना काहीतरी.

"काय खाल्लं हिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तडकले. "मिठाचा कण नाही दिला, साहेब!"

मागून जाऊ हळूच म्हणाली, "नुसता पापडखार टाकला होता. त्याच्याशिवाय पापड फुलन कसा?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मिठातलं जे हिला बाधतं तेच खारातही असतं, म्हणाले. मग मी जावेला वाट्टेल ते बोलले. माझ्या लेकराच्या जिवावर उठलीस, इथपर्यंत बोलले. ती तोंडात पदर धरून रडायला लागली.

औषध दिल्यावर आकडा हळूहळू उतरला. डॉक्टरांनी पोरीला विचारलं, डोकं केव्हापासून दुखतंय.

"दुपारपासून."

"दुपारपासून?" मी ओरडलेच. "मंग सांगितलं काऊन नाही मले?"

तिनं एकदा जावेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू मशीन आणली असती."

"मंग?"

"मंग तू मले तिथून उठवलं असतं."

आणि मी उठवलंच असतं.