वानखडे गुरुजींना दिलेल्या पोटाच्या गोळ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी माझा मधुमेहसुद्धा दोन महिन्यांपेक्षा जास्त लपवू शकलो नव्हतो. तुम्हाला का सांगतोय? तुमची-माझी ओळख नाही, म्हणून सोपं जात असेल.

बुलढाण्याजवळ मोताळ्यात माझं औषधाचं दुकान आहे. आमच्याकडे मेडिकलवाल्यालाच 'डॉक्टर' म्हणायची पद्धत. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरची माणसं भाजी घेतात, मिरची घेतात आणि जाता जाता काउंटरवर कोपर टेकून म्हणतात, डॉक्टर, पोटासाठी काहीतरी चांगलं द्या. माझ्याकडे डिप्लोमा आहे, डॉक्टरकी नाही. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. मग सोडून दिलं. खरं सांगू? गोड लागायचं.

वानखडे गुरुजींनी मला चौथीपर्यंत शिकवलं. बारावीला माझे मार्क कमी पडले हे त्यांना ठाऊक होतं, तरी चारचौघांत सांगायचे की हा माझ्या वर्गातला डॉक्टर. मी आपला हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलेला.

एका बाजाराला ते दुकानात आले. पोट साफ होत नव्हतं, गॅस धरत होता. आतड्यात चांगले जंतू असतात आणि ते कॅप्सूलमधून घेता येतात, असं त्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं. त्यातलं कुठलं घ्यावं, हे डॉक्टरने — म्हणजे मी — निवडून द्यायचं होतं. मी तीन खोके मांडले. चष्मा लावून मागचा बारीक मजकूर वाचला, जंतूंची लांबलचक नावं मोठ्याने म्हटली, यात किती कोटी, त्यात किती कोटी. गुरुजी कौतुकाने ऐकत होते. शेजारचं गिऱ्हाईक गेल्यावर मात्र ते हळूच म्हणाले, "कधी कधी रगत पडते बा. अन् पट्टा दोन घरं आत गेला."

इथे — इथेच मी खोके आवरायला हवे होते. साठी उलटलेल्या माणसाचं शौचातून रक्त जातं, वजन उतरतं, तेव्हा पावडर नाही, कॅप्सूल नाही, आधी डॉक्टर. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मला कळलं होतं. मग बोललो का नाही? बुलढाण्याला डॉक्टरांना दाखवा म्हटलं असतं, तर मी कोण उरलो असतो? खोके विकणारा. एवढंच कारण होतं. दुसरं बरं काही सापडतं का, ते मी फार शोधलं. मूळव्याध असेल म्हणालो आणि सगळ्यात मोठा खोका त्यांच्या हातात दिला.

तीन महिने. तीनदा मी कॅप्सूल बदलून दिल्या, आणि दरवेळी त्यांच्या पट्ट्याकडे बघायचं टाळलं.

शेवटी त्यांची लेक संगीता माहेरी आली आणि बापाची दशा बघून त्यांना थेट बुलढाण्याला घेऊन गेली. आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, शौचासाठी पोटाला पिशवी लावावी लागली. लवकर आणलं असतं तर पिशवी टळली असती, असं डॉक्टर म्हणाले. संगीतानेच हे मला काउंटरशी उभं राहून सांगितलं. बाबांनी दुखणं कुणाला सांगितलंच नाही, म्हणून ती रडत होती. मी तिला पाणी दिलं.

गुरुजी वाचले. वर्षाने पिशवी निघाली, अंगावर मांस चढलं, आवाज पुन्हा वर्गातल्यासारखा झाला. गेल्या महिन्यात ते शेजारच्या सदाशिवरावांना घेऊन दुकानात आले. म्हणाले, "डॉक्टर, मले देल्या होत्या त्याच गोळ्या यायले दे. यायचंही माह्यासारखंच चालू हाय. मी तुह्या गोळ्यायवरच तगलो."

माह्यासारखंच! दुकानात चार माणसं होती.

"गुरुजी, त्या गोळ्यायनं तुमी नाही तगले," मी म्हणालो. "अन् मी डॉक्टर नाही. यायले आजच बुलढाण्याले न्या."

ते मग सदाशिवरावांचा हात धरून एसटी स्टँडकडे गेले.

सदाशिवरावांचं दुखणं अगदी सुरुवातीला सापडलं. परवा ते स्वतः सांगायला आले, तेव्हा मला फार आनंद झाला. आता पोटाचं काही मागणाऱ्याला मी आधी रक्ताचं विचारतो, वजनाचं विचारतो. काही जण चिडून पलीकडच्या दुकानात जातात. जाऊ देत.

पण गुरुजींना मी अर्धंच बोललो. पहिल्याच दिवशी मला कळलं होतं, हे राहिलं. आणि त्यांनी? त्यांनी घरी माझं नाव कधीच घेतलं नाही. दुखणं लपवलं म्हणून संगीता अजून त्यांना बोलते, आणि ते मान खाली घालून ऐकून घेतात.

ती कालपासून माहेरी आहे. मी तिच्याकडे निघालो आहे. तुझ्या बाबांनी सांगितलं होतं, संगीता. मला सांगितलं होतं.